पालेभाजी, विहीर आणि ४५ हा आकडा



चातुर्मास संपला की बंद असलेल्या पालेभाज्या हळूहळू आपल्या स्वयंपाकघरात परत येतात. मेथी, पालक, लाल माठ, चाकवत, शेपू. या वेळी त्यांच्या पाठोपाठ ग्रुपवर एक मेसेजही आला : ‘पालकात नायट्रेट असतं, नायट्रेटने कॅन्सर होतो, लहान मुलांना पालक अजिबात देऊ नका.’ त्याच्याखाली लगेच दुसरा : ‘म्हणूनच आपल्या पूर्वजांनी पावसाळ्यात पालेभाजी सोडायला सांगितली होती.’ आणि मग एका सूनबाईंचा साधा प्रश्न : ‘काकू, माझं बाळ आठ महिन्यांचं आहे. मग मी त्याला देऊ काय?’

मी बी.कॉम. आहे, रसायनशास्त्र शिकलेली नाही. पण आकडा समोर आला की त्याचं मूळ व्हाउचर बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून नायट्रेटचा हा हिशेब मी मागे मागे नेत गेले. तो पालकाच्या जुडीपासून सुरूच होत नाही. त्याची खरी सुरुवात विहिरीपाशी आहे, आणि आपल्यासारख्या गाळून-उकळून पाणी पिणाऱ्या घरांनी ती नीट समजून घ्यायला हवी.

गोठ्याच्या भिंतीवरचा सोरा

जुन्या घरांत, विशेषतः गोठ्याच्या ओलसर भिंतींना लोणा लागायचा, म्हणजे भिंतीतून पांढरी खारट पूड बाहेर यायची. शेण, गोमूत्र, माती आणि हवा यांच्यातून जिवाणू जे क्षार तयार करतात, त्यांत नायट्रेट असतं. अशाच खारट मातीतून धुऊन, आटवून सोरा काढत. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. बंदुकीच्या दारूत सगळ्यात मोठा वाटा त्याचाच. बिहारमधला सोरा सतराव्या-अठराव्या शतकात युरोपच्या कंपन्या जहाजं भरभरून नेत होत्या.

हेच नायट्रेट झाडाचं अन्नही आहे. मुळं ते पाण्याबरोबर ओढून घेतात आणि सूर्यप्रकाशाच्या मदतीने पानांत त्याची प्रथिनं होतात. त्यामुळे ‘नायट्रेट नसलेली पालेभाजी’ असं काही नसतंच. फरक असतो तो प्रमाणाचा. खत खूप आणि ऊन कमी असलं, तर झाड नायट्रेट ओढत राहतं, पण ते वापरून संपवता येत नाही. मग ते देठात आणि पानात साठतं. पानापेक्षा देठात आणि शिरेत जास्त. भरपूर ऊन मिळालेल्या पानात त्यामानाने कमी.

या साठ्याकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते गुरांमुळे. १८९५ साली अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात मक्याची ताटं खाऊन गुरं मेली. तिथले पशुवैद्य मेयो यांनी तपास केला, तर त्या ताटांमध्ये भरपूर सोरा सापडला. माणसांच्या बाबतीत हा प्रश्न पुढे यायला आणखी पन्नास वर्षं गेली.

१९४५ : निळी पडलेली बाळं

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉम्ली नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांच्याकडे शेतावर राहणाऱ्या कुटुंबांतली तान्ही बाळं आली. ओठ निळे, अंग निळसर, पण हृदयात दोष नाही आणि फुप्फुसातही नाही. ही बाळं आईच्या दुधावर नव्हती. त्यांचं वरचं दूध घरच्या विहिरीच्या पाण्यात कालवलेलं होतं. त्या पाण्यात नायट्रेट खूप होतं. कॉम्ली यांनी १९४५ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात हे प्रसिद्ध केलं.

शरीरात घडतं ते असं. नायट्रेटमधला ऑक्सिजनचा एक अणू जिवाणूंनी काढून घेतला की त्याचं नायट्राइट होतं. हे नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या लोहावर परिणाम करतं आणि मग त्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहता येत नाही. रक्त चॉकलेटी दिसतं, बाळ निळं पडतं. मोठ्या माणसाच्या शरीरात असं बिघडलेलं हिमोग्लोबिन पूर्ववत करण्याची सोय असते. पहिल्या काही महिन्यांत बाळाची ती सोय अपुरी असते, त्याच्या पोटातलं आम्ल कमी असतं, आणि वजनाच्या मानाने ते पाणी मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त पितं. त्याला जुलाब झालेले असले तर धोका आणखी वाढतो.

कॉम्लीनंतर अमेरिकेत अशा नोंदी गोळा झाल्या. वॉल्टन यांनी १९५१ साली त्यांचा ताळेबंद मांडला : २७८ बाळं आजारी, त्यांतली ३९ दगावलेली. ज्या घरांच्या पाण्याची तपासणी झालेली होती, त्यांत लिटरला १० मिलिग्रॅमपेक्षा कमी नायट्रोजन असलेल्या पाण्यामुळे एकही बाळ आजारी पडलेलं नव्हतं. नायट्रोजनचे १० म्हणजे नायट्रेटचे साधारण ४५. हेच ते मूळ व्हाउचर. आज भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात नायट्रेटची जी मर्यादा आहे, लिटरला ४५ मिलिग्रॅम, ती या हिशेबातून आलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५० आहे. पाण्याच्या रिपोर्टवरचा तो रुक्ष आकडा त्या बाळांच्या नोंदींतून उतरलेला आहे, हे कळल्यापासून मी तो रिपोर्ट वेगळ्या नजरेने वाचते.

आता आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. आपण पाणी गाळतो, उकळतो. जीवदयेसाठी करतो आणि त्यातून आरोग्यही सांभाळलं जातं, कारण उकळल्याने रोगजंतू मरतात. ते सोडायचं काहीच कारण नाही. पण नायट्रेट हे पाण्यात विरघळलेलं मीठ आहे. ते गाळण्यात अडकत नाही आणि उकळून उडून जात नाही. उलट हिशेब करून बघा. एक लिटर पाण्यात ६० मिलिग्रॅम नायट्रेट आहे. उकळून पाणी पाऊण लिटर राहिलं. नायट्रेट मात्र ६० मिलिग्रॅमच राहिलं. म्हणजे आता लिटरला ८० झालं. ‘मी तर बाळाचं पाणी वीस मिनिटं उकळते’ असं म्हणणारी आई जंतूंच्या बाबतीत निर्धास्त राहू शकते, नायट्रेटच्या बाबतीत नाही.

खतांचे कारखाने आणि आपला जिल्हा

गोठ्याच्या भिंतीवरचा सोरा खरवडून जगाची शेती चालली नसती. १९०९ साली जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला आणि १९१३ मध्ये त्याचा कारखाना सुरू झाला. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर सिंद्रीचा खत कारखाना आला, १९५१ साली. मग ही गोष्ट आपल्या अंगणात आली. १९६५ च्या सुमारास ट्रॉम्बेचा कारखाना सुरू झाला, तोच पुढे १९७८ मध्ये राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सकडे, म्हणजे आरसीएफकडे आला. त्यांचा सुफला आणि उज्ज्वला ही नावं शेतकऱ्याच्या घरात पाठ असतात. १९८५ मध्ये अलिबागजवळ थळचा कारखाना उभा राहिला. १९८० च्या दशकात आपल्या पनवेल तालुक्यात तळोज्याला दीपक फर्टिलायझर्सचा कारखाना आला. तिथे नायट्रिक आम्ल, अमोनियम नायट्रेट आणि खतं तयार होतात. रसायनीच्या हिंदुस्थान ऑरगॅनिकमध्येही नायट्रिक आम्ल बनत असे. आपल्या ओळखीच्या किती घरांची चूल या कारखान्यांच्या पगारावर पेटली आहे, हे पनवेलकरणींना मी वेगळं सांगायला नको.

या खताने देशाचं पोट भरलं, हे आधी मान्य केलं पाहिजे. १९५१-५२ साली देशात सगळी रासायनिक खतं मिळून सुमारे ७० हजार टन पोषकद्रव्यं वापरली गेली. २०२०-२१ पर्यंत तो आकडा सव्वातीन कोटी टनांच्या आसपास गेला. पण पिकाला जेवढं लागतं त्यापेक्षा जास्त टाकलेलं नत्र शेतातच थांबत नाही. जमिनीतले जिवाणू युरियाचं नायट्रेट करतात आणि पाण्याबरोबर ते खाली झिरपतं. विहिरीजवळचा उकिरडा, गोठा, संडासाचा शोषखड्डा आणि उघडं सांडपाणीही तेच करतात. नायट्रेट शेणातून आलं की युरियाच्या गोणीतून, विहिरीला फरक पडत नाही. म्हणून ‘आमच्याकडे सेंद्रिय आहे’ एवढ्यावर विहिरीचं प्रमाणपत्र मिळत नाही.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातल्या तपासलेल्या नमुन्यांपैकी सुमारे ३५ टक्क्यांहून अधिक नमुन्यांत नायट्रेट ४५ च्या वर आढळलं. जास्त प्रमाण असलेल्या जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड, जळगाव ही नावं आहेत. मैत्रिणींनो, ही नावं वाचताना माझं बोट थांबलं, कारण आपल्यापैकी कितीजणींचं माहेर किंवा सासर याच भागात आहे. कोणाचं जळगावला, कोणाचं अमरावतीला, कोणाचं बुलढाण्याच्या एखाद्या खेड्यात.

पनवेल शहराला नळाचं पाणी मुख्यतः धरणांतून येतं. देहरंगचं धरण तर नगरपालिकेच्या काळापासूनचं. धरणाच्या पाण्यात नायट्रेट सहसा कमी असतं. पण आपल्या लेकी-सुना पहिल्या बाळंतपणाला माहेरी जातात आणि बाळाचे पहिले तीन-चार महिने तिथल्या पाण्यावर निघतात. आईचं दूध पुरेसं असेल तर चिंता नाही, कारण आईने नायट्रेट असलेलं पाणी प्यायलं तरी तिच्या दुधात ते फारसं उतरत नाही. प्रश्न येतो तो वरचं दूध त्या विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात कालवलं तर.

पालकावर आरोप कसा आला

विहिरीवरचा आरोप पालकावर आला १९६० च्या दशकात. जर्मनीत काही तान्ही बाळं पालकाची पेस्ट खाल्ल्यावर निळी पडली. बऱ्याच ठिकाणी गोष्ट सारखीच होती : पालक शिजवून वाटलेला, उरलेला तसाच ठेवलेला आणि पुन्हा गरम करून बाळाला भरवलेला. ताज्या पानात नायट्रेट असतं, नायट्राइट अगदी थोडं. शिजवून वाटलेली भाजी बाहेर राहिली की तिच्यात जिवाणू वाढतात आणि नायट्रेटचं नायट्राइट करत जातात. जे काम शरीरात थोडं थोडं व्हायचं, ते वाटीत आधीच होऊन बसतं.

त्याच सुमारास दुसरी भीती आली. १९५६ साली इंग्लंडमध्ये मॅगी आणि बार्न्स यांनी दाखवलं होतं की नायट्रोसामाइन जातीच्या एका रसायनाने उंदरांच्या यकृतात कॅन्सर होतो. नायट्राइट आणि प्रथिनांचे काही घटक एकत्र आले की अशी रसायनं बनू शकतात. मुख्य संशय होता तो नायट्राइट घालून टिकवलेल्या मांसावर. पण नायट्रेट हे नाव बदनाम झालं, आणि शरीरात जाणारं बहुतेक नायट्रेट भाज्यांमधून येत असल्यामुळे बोट पालकाकडे वळलं. १९९७ मध्ये युरोपीय संघाने पालक आणि सॅलडच्या पानांसाठी नायट्रेटची कमाल मर्यादा ठरवली. गंमत अशी की त्या नियमात हिवाळ्यातल्या पालकाला उन्हाळ्यातल्या पालकापेक्षा जास्त मुभा होती. कायद्यालाही मान्य करावं लागलं की ऊन कमी तर नायट्रेट जास्त.

मग निकाल कसा फिरला

तोपर्यंत प्रयोगशाळांमध्ये वेगळंच दिसू लागलं होतं. १९८० च्या दशकात कळलं की माणसाचं शरीर स्वतःही नायट्रेट तयार करतं. मग समजलं की नायट्रिक ऑक्साइड नावाचा साधा वायू रक्तवाहिन्या सैल करतो. त्या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना १९९८ चं नोबेल मिळालं. १९९४ मध्ये स्वीडन आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी दाखवलं होतं की पालेभाजीतून आलेलं नायट्रेट रक्तातून लाळेत येतं, जिभेवरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि गिळल्यावर पोटात त्यातून हाच वायू तयार होतो. २००८ साली लंडनमध्ये डॉ. अमृता अहलुवालिया यांच्या गटाने निरोगी माणसांना अर्धा लिटर बीटाचा रस दिला, तर काही तासांत वरचं ब्लड प्रेशर साधारण १० अंकांनी उतरलं.

बीट आपल्याला कंदमूळ म्हणून चालत नाही. पण तेच नायट्रेट पालकात, माठात, राजगिऱ्याच्या पानात आहे, त्यामुळे आपलं काही अडत नाही. मात्र बीपीची गोळी बंद करून कोणी माठाची भाजी सुरू करू नका. भाजी भाजीच्या जागी आणि डॉक्टरांची गोळी गोळीच्या जागी.

त्याच २००८ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने सगळा जमाखर्च मांडला. मोठ्या माणसाला वजनाच्या किलोमागे दिवसाला ३.७ मिलिग्रॅम नायट्रेट ही सुरक्षित मर्यादा. म्हणजे ६० किलोच्या बाईला २२२ मिलिग्रॅम. रोज ४०० ग्रॅम वेगवेगळ्या भाज्या खाणाऱ्याच्या पोटात सरासरी १५७ मिलिग्रॅम जातं. म्हणजे मर्यादेच्या आत. युरोपच्या पालकात किलोला सरासरी हजारेक मिलिग्रॅम नायट्रेट सापडलं होतं. पाव किलोची जुडी चौघांत वाटली, तर माणशी ६० ग्रॅमच्या आसपास भाजी आणि ६०-६५ मिलिग्रॅम नायट्रेट. संस्थेचा निष्कर्ष होता की भाज्यांचा फायदा या धोक्यापेक्षा जास्त आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनेही नायट्रेटला सरसकट दोषी धरलेलं नाही. शरीरात ती नायट्रोसो रसायनं बनतील अशा परिस्थितीपुरताच तिचा इशारा आहे. आणि क जीवनसत्त्व हे बनणं रोखतं, हे १९७२ पासून माहीत आहे. भाजीत ते मुळातच असतं. वरून लिंबू पिळलं तर आणखी चांगलं.

बाळाचं आणि आपलं

आता त्या सूनबाईंना उत्तर. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध. त्यानंतर पालेभाजी द्या, पण थोडी, दिवसातून एकदाच, देठ काढून, ताजी शिजवून लगेच. युरोपच्या त्याच संस्थेने २०१० मध्ये लहान मुलांबद्दल हेच सांगितलं : पालकाचा एकच वाटा, शिजवलेला पालक बाहेर ठेवायचा नाही, आणि मुलाला पोटाचा संसर्ग असेल तेव्हा पालक द्यायचा नाही. बाळाचे ओठ किंवा नखं निळी दिसली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट दवाखाना गाठायचा. यावर रुग्णालयात उपचार आहेत.

शिळं अन्न आपल्याकडे अभक्ष्य मानलेलं आहे. ज्या घरात सकाळची भाजी रात्रीपर्यंत ठेवत नाहीत आणि सूर्यास्तानंतर जेवण नाही, तिथे पालकाची उरलेली पेस्ट बाळाच्या ताटात येण्याचा प्रसंगच कमी. आता फ्रीज आल्यापासून ‘बाळाचं दोन दिवसांचं करून ठेवते’ अशी सवय लागते आहे, तेवढी आवरावी.

पण त्या दुसऱ्या मेसेजबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. चातुर्मासात आपण पालेभाजी सोडतो ती पावसाळ्यात पानांवर असंख्य सूक्ष्म जीव वाढतात म्हणून. तो अहिंसेचा नियम आहे. ढगाळ दिवसांत पानात नायट्रेट वाढतं हे खरं, पण आपल्या आचार्यांनी रसायन मोजून नियम केला नव्हता आणि त्या नियमाला प्रयोगशाळेच्या शिक्क्याची गरजही नाही. एकदा तो शिक्का मागायला लागलो, की उद्या प्रयोगशाळेने मत बदललं तर आपण नियम सोडणार का? आणि उकळलेल्या पाण्याच्या बाबतीत आपण काय म्हणणार? तिथे तर आपली रीत नायट्रेट काढत नाही. धर्म धर्मासाठी पाळावा आणि पाण्याची तपासणी तपासणीसाठी करावी.

पालक सोडण्याची किंमतही आपल्यालाच मोजावी लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१ च्या फेरीत, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळलं, ५४ टक्के. आपण मांस-अंडी खात नाही, कंदमुळं खात नाही, वर्षातले चार महिने पालेभाजी नाही. उरलेल्या आठ महिन्यांत एका फॉरवर्डच्या भीतीने मेथी-माठही बंद केला, तर ताटात राहणार काय?

तेव्हा भाजी आणा, देठ जाड असतील तर काढा, नीट निवडा, धुवा, ताजी करा, लिंबू पिळा आणि खा. आणि ज्या मैत्रिणीची लेक बाळंतपणासाठी विहिरीच्या किंवा बोअरच्या गावी येणार आहे, तिने डोहाळजेवणाच्या आधी एक बाटली पाणी तपासायला द्यावं. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. जल जीवन मिशनमधून गावोगावी दिलेल्या तपासणी संचांतही नायट्रेटची चाचणी असते, ग्रामपंचायतीत विचारा. रिपोर्टमध्ये आकडा ४५ च्या वर असेल, तर बाळाच्या दुधापुरतं तरी पाणी दुसरीकडून आणा किंवा आरओचं घ्या, आणि मग ते नेहमीसारखं गाळून-उकळून वापरा.